गुरुजींची भाकरी आणि मोबाईलवरचा निरोप

गेल्या महिन्यातली गोष्ट. माझ्याकडे बारा वर्षांपासून मधुमेहासाठी येणारे एक निवृत्त गुरुजी तपासणीला आले आणि खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. "डॉक्टरसाहेब, मुलाने पुण्याहून येऊन यात साखरेचे ॲप घालून दिले. दिवसभरात काय खाल्ले ते यात नोंदवायचे. पण यात भाकरीच नाही! शोधून शोधून शेवटी एक तोर्तिया सापडली. ही तोर्तिया म्हणजे काय हो?"

"आपल्या मक्याच्या भाकरीची चुलत बहीण," मी म्हणालो.

"मग तिला यात जागा मिळाली आणि आमच्या भाकरीला का नाही?"

मी हसलो, पण हातातला रिपोर्ट पाहून हसू मावळले. सहा महिन्यांपूर्वी गुरुजींची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे ज्याला आपण एचबीएवनसी म्हणतो ती, ७.४ होती. आता ती ८.९ झाली होती. खोदून विचारल्यावर कळले की, ॲपमध्ये आपले जेवण सापडत नाही म्हणून गुरुजींनी नोंदी सोडल्या, आणि नोंदींबरोबर घरचे साखर मोजण्याचे यंत्रही कपाटात गेले. एका भाकरीपायी एवढे नुकसान झाले होते.

वाचकहो, त्या तोर्तियाला तरी ही जागा सहजासहजी मिळाली नव्हती. अमेरिकेतल्या लॅटिनो लोकांचीही काल-परवापर्यंत गुरुजींसारखीच तक्रार होती. त्यावर तिथल्या डॉक्टरांनी आणि आरोग्यसेविकांनी काय केले, मोबाईल त्यात कुठे कामी आला आणि कुठे कमी पडला, हे समजून घेण्यासारखे आहे. म्हणून आजचा लेख त्या विषयावर.

लॅटिनो म्हणजे कोण? मेक्सिको, पोर्टो रिको, क्युबा, डोमिनिकन रिपब्लिक, मध्य आणि दक्षिण अमेरिका या भागांतून आलेल्या लोकांना आणि त्यांच्या वंशजांना अमेरिकेत या नावाने ओळखतात. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे ६ कोटी २१ लाख भरली. शेतमजुरी, बांधकाम, हॉटेलातली आणि घरातली कामे करणारे यांत मोठ्या संख्येने आहेत. पुष्कळांची घरची बोली स्पॅनिश. अनेकांकडे आरोग्य विमा नाही, आणि तिथे विम्याशिवाय दवाखान्याची पायरी चढणे म्हणजे खिसा रिकामा करणे.

या समाजात मधुमेह फार आहे. अमेरिकेतील गोऱ्या प्रौढांमध्ये निदान झालेल्या मधुमेहाचे प्रमाण सुमारे ७ टक्के, तर लॅटिनोंमध्ये सुमारे १२ टक्के. आणि गंमत पाहा, आपल्याकडे जसे "मला शुगर आहे" म्हणतात, तसेच ते लोकही आपल्या भाषेत "मला साखर आहे" असेच म्हणतात. त्यांचा साखरेसाठीचा शब्द आहे असूकार.

आता रोगाविषयी थोडे. मधुमेह हा असा रोग आहे की त्यात डॉक्टरचा वाटा लहान आणि रोग्याचा मोठा. माझ्याकडे रुग्ण वर्षातून चार वेळा येतो असे धरा. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे. म्हणजे वर्षाकाठी एक तास. उरलेला सारा काळ तो स्वतःच स्वतःचा डॉक्टर असतो. ताटात काय घ्यायचे, गोळी आठवणीने घ्यायची की नाही, चालायला जायचे की पाऊस आहे म्हणून टाळायचे, पायाला टोचलेल्या काट्याकडे पाहायचे की दुर्लक्ष करायचे, हे त्यालाच ठरवावे लागते.

हे सांभाळले गेले की नाही ते एचबीएवनसी सांगते. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. रक्तात साखर जितकी जास्त, तितकी ती या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते. म्हणून या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब निघतो. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही. आकडा ७ असेल तर सरासरी साखर सुमारे १५४ असते, आणि ९.५ असेल तर सुमारे २२५. ब्रिटनमध्ये झालेल्या दीर्घ अभ्यासाचे २००० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, हा आकडा एकाने कमी असेल तर डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड यांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी कमी दिसते. म्हणजे त्या एका आकड्यावर पुष्कळांची दृष्टी अवलंबून असते.

मग अमेरिकेत अडले कुठे? तिथे औषधे आहेत, तपासण्या आहेत, माहितीपत्रकांचे ढीग आहेत. ही पत्रके स्पॅनिशमध्येही निघत. पण पुष्कळ वेळा ती इंग्रजी पत्रकांची शब्दशः भाषांतरे असत. शब्द स्पॅनिश आणि ताट मात्र दुसऱ्याचे! मेक्सिकन बाईच्या घरी सकाळ-संध्याकाळ तोर्तिया होते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून केलेली ती पातळ भाकरी. बरोबर घेवड्याच्या जातीच्या दाण्यांची उसळ, मिरची-टोमॅटोची चटणी. सणाला गोड पाव, मक्याच्या सालपटात उकडलेले तामालेस, तांदळाचे गोड सरबत. अशा घरात जाऊन "ब्राऊन ब्रेडचे दोन काप खा" असे सांगितले तर ती बाई मान डोलावते आणि घरी जाऊन रोजचेच करते. खरे तर तिच्या जेवणात चांगले पुष्कळ आहे. दाण्यांच्या उसळीत प्रथिने आहेत, चोथा आहे. तिला सांगायला हवे ते एवढेच, की तोर्तिया पाचऐवजी दोन घे, उसळ वाढव, ती चरबीत परतू नकोस आणि गोड सरबताऐवजी पाणी पी. हे सांगायला तिचे स्वयंपाकघर ठाऊक असावे लागते.

दुसरी अडचण कुटुंबाची. लॅटिनो घरात कुटुंब आधी आणि आपण नंतर. घरातल्या बाईला मधुमेह झाला तर ती स्वतःसाठी वेगळे शिजवत नाही. नवऱ्याला, मुलांना आवडते तेच तीही खाते. आपल्या आयाबहिणी काय वेगळे करतात? त्यामुळे एकट्या रोग्याला उपदेश करून भागत नाही, सगळ्या घराशी बोलावे लागते.

तिसरी अडचण समजुतींची. मेक्सिकन लोकांत अशी एक जुनी समजूत आहे की, मोठा धसका बसला की मधुमेह होतो. या धसक्याला ते सुस्तो म्हणतात. अपघात पाहिला, घरात मृत्यू झाला आणि त्यानंतर साखर निघाली, असे ते सांगतात. डॉक्टर यावर हसला की संवाद तिथेच संपला. वास्तविक ताणामुळे शरीरात जे स्राव वाढतात त्यांनी साखर काही काळ चढते, हे खरेच आहे. ज्याला मधुमेह आतून होऊ घातला आहे, त्याचे निदान अशा वेळी होऊ शकते. तेव्हा हसण्याऐवजी "धसका बसला खरा, पण त्याआधीपासून शरीरात काय चालले होते ते पाहू" असे म्हणणारा डॉक्टर त्यांना आपला वाटतो.

याहून घातक समजूत इन्सुलिनची. इन्सुलिनने आंधळेपण येते असे त्यांच्यातले अनेकजण मानतात. ही भीती कशी जन्मली हेही समजण्यासारखे आहे. इन्सुलिन वर्षानुवर्षे टाळले जाते, सुरू होते तेव्हा डोळ्यांचा पडदा आधीच खराब झालेला असतो, आणि दृष्टी गेली की दोष सुईवर येतो. आपल्याकडे "इन्सुलिन म्हणजे शेवटचा टप्पा" म्हणून घाबरणारे रुग्ण मी रोज पाहतो. आणि आपल्याकडे जसा कारल्याचा रस, तसा त्यांच्याकडे नोपाल, म्हणजे फड्या निवडुंगाची कोवळी पाने. ती ते भाजी करून खातात. भाजी म्हणून ती उत्तम आहे. गोळ्या बंद करून तिच्यावर भिस्त ठेवली तर मात्र घात होतो.

या सगळ्यावर तिथे पहिला उपाय निघाला तो माणसांचा. त्याच वस्तीतल्या, तीच भाषा बोलणाऱ्या बायकांना शिकवून आरोग्यसेविका म्हणून तयार करायचे. त्यांना प्रोमोतोरा म्हणतात. आपल्या आशाताईंची आठवण व्हावी असे त्यांचे काम. कॅलिफोर्नियातल्या सान डिएगो शहरात, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ, १९९७ मध्ये प्रोजेक्ट दुल्से नावाचा उपक्रम सुरू झाला. दुल्से म्हणजे गोड. त्यात मधुमेहात तरबेज परिचारिका औषधोपचाराकडे लक्ष देत आणि स्वतः मधुमेह असलेल्या, शिकवून तयार केलेल्या व्यक्ती स्पॅनिशमधून वर्ग घेत. आहार, व्यायाम, औषधे यांबरोबर त्या सुस्तोवर, इन्सुलिनच्या भीतीवर आणि निवडुंगावरही मोकळेपणाने बोलत.

उपक्रम चांगला, पण वर्गाला यायचे कसे? दोन-दोन नोकऱ्या करणारा मजूर संध्याकाळचा वर्ग चुकवतो. बस नसते, मुलांना सांभाळायला कोणी नसते. मात्र मोबाईल जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात असतो. तेव्हा वर्गातले शहाणपण मोबाईलवरून थोडे थोडे पाठवता येईल का, असा विचार पुढे आला. त्यातून दुल्से डिजिटल हा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रयोग साधा होता. गरीब वस्तीतल्या दवाखान्यांतून १२६ लॅटिनो रुग्ण निवडले. सगळ्यांचा मधुमेह आटोक्याबाहेर. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला नेहमीचे उपचार आणि जोडीला सहा महिने मोबाईलवर संदेश. त्यासाठी भारी फोन लागत नव्हता, साधा एसएमएस पुरत होता. सुरुवातीला दिवसाला दोन-तीन संदेश, मग हळूहळू कमी. संदेश तीन प्रकारचे होते: माहिती आणि धीर देणारे, औषधाची आठवण करणारे, आणि "साखर मोजा व आकडा कळवा" असे सांगणारे. मजकूर प्रोजेक्ट दुल्सेच्या वर्गातल्या अनुभवातूनच घेतलेला. रुग्णाने कळवलेल्या आकड्यांवर लक्ष ठेवले जाई. साखर फार चढली किंवा फार उतरली असे दिसले तर पलीकडून माणसाचा फोन येई.

निकाल काय लागला? संदेश मिळणाऱ्यांची सरासरी एचबीएवनसी सहा महिन्यांत ९.५ वरून ८.५ वर आली. दुसऱ्या गटाची ९.६ वरून ९.४ वर, म्हणजे जवळजवळ होती तिथेच. ज्यांनी आपले आकडे जास्त वेळा उलट कळवले, त्यांची साखर सहा महिन्यांनंतर अधिक आटोक्यात दिसली. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अर्थात, जे मुळात नेटाने वागणारे, तेच आकडेही जास्त कळवतात, असेही असू शकते. तरी कोणीतरी माझा आकडा वाचतो आहे या जाणिवेने माणूस यंत्र कपाटात ठेवत नाही, हे मी माझ्या रुग्णांत पाहिले आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच प्रयोगात वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांत लक्षणीय फरक पडला नाही. ८.५ हा आकडाही समाधानाचा नव्हे, बहुतेकांसाठी उद्दिष्ट ७ च्या आसपास असते. लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात तातडीच्या विभागात येणाऱ्या १२८ मधुमेही रुग्णांवर असाच एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. तिथे सहा महिने रोज दोन संदेश इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये पाठवले, पण उत्तर घेण्याची सोय नव्हती. संदेश मिळणाऱ्यांची एचबीएवनसी १.०५ ने उतरली, न मिळणाऱ्यांची ०.६० ने. हा फरक निव्वळ योगायोगाने पडला नसेल असे खात्रीने म्हणण्याइतका मोठा नव्हता. औषधे वेळेवर घेण्यात मात्र सुधारणा झाली, आणि स्पॅनिशमध्ये संदेश घेणाऱ्यांत एकूण परिणाम जास्त दिसला. दोन्ही प्रयोगांतले रुग्ण वेगळे, तेव्हा त्यांची थेट तुलना करू नये. पण नुसते संदेश पाठवत राहिले की काम झाले, असे मानता येत नाही, एवढे यातून नक्की दिसते. पुढे लॉस एंजेलिसच्याच डॉक्टरांनी रुग्णाबरोबर त्याच्या घरातल्या किंवा जवळच्या एका माणसालाही संदेश पाठवून पाहण्याचे काम हाती घेतले. कुटुंब आधी, ही गोष्ट त्यांनी ओळखली.

आणखी एक सावधगिरी. सगळे लॅटिनो एकसारखे नसतात. न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, शिकागो, मायामी आणि सान डिएगो येथे २००८ ते २०११ या काळात १६ हजारांहून अधिक लॅटिनो लोकांची तपासणी झाली. त्यात दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण सुमारे १० टक्के, तर मेक्सिकन वंशाच्या लोकांत सुमारे १८ टक्के आढळले. भाषा एकच, पण मेक्सिकन घरात मक्याची तोर्तिया, तर क्युबा किंवा पोर्टो रिकोच्या घरात भात आणि उसळ. तोर्तियावर लिहिलेला संदेश भात खाणाऱ्याला काय उपयोगाचा? मराठी म्हटले तरी कोकणातला भात, देशावरची ज्वारी आणि खानदेशातली कळण्याची भाकरी एकच नाही, तसेच हे.

आपल्या देशातही मोबाईलच्या संदेशांची परीक्षा झाली आहे. आंध्र आणि तमिळनाडूतल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. या सर्वांना मधुमेह झालेला नव्हता, पण ते त्याच्या उंबरठ्यावर होते. दोन वर्षांत नुसता सल्ला दिलेल्यांपैकी २७ टक्के लोकांना मधुमेह झाला. सल्ल्याबरोबर आहार-व्यायामाचे संदेश मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के राहिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. एवढ्यांना पुरतील इतके डॉक्टर कुठून आणणार? तेव्हा हा खिशातला मदतनीस टाकून देण्यासारखा नाही. तो आपली भाषा बोलणारा मात्र हवा.

म्हणून मोबाईलवर साखरेचे ॲप घेणाऱ्या किंवा आईवडिलांना घेऊन देणाऱ्या वाचकांना चार गोष्टी सुचवतो. एक, त्यात आपल्या घरचे जेवण आहे का, हे आधी पाहा. भाकरी, पिठले, पोहे, साबुदाणा यांची नावे नसतील तर त्याच्या नादी लागू नका, साधी वही बरी. दोन, आपला आकडा पलीकडे कोणी जाणते माणूस पाहणार आहे का, हे विचारा. तीन, घरात जो स्वयंपाक करतो त्यालाही सामील करून घ्या. चार, आणि ही सर्वांत महत्त्वाची: मोबाईलवरच्या संदेशावरून स्वतःच इन्सुलिन किंवा गोळ्यांचे प्रमाण बदलू नका, औषध थांबवू नका. दरदरून घाम, थरथर, चक्कर, घाबरल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. आकडा ७० च्या खाली असेल तर संदेशाची वाट न पाहता तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना कळवा. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आता गुरुजींचे काय झाले ते सांगतो. चूक काही त्यांची एकट्याची नव्हती. बारा वर्षांपूर्वी मीच त्यांना जो छापील आहारतक्ता दिला होता, त्यात ओट्स होते, सफरचंद होते, टोस्ट होता. भाकरी त्यातही नव्हती! तो मी त्या दिवशी काढून टाकला. गुरुजींबरोबर वहिनीही आल्या होत्या. त्यांना आत बोलावून विचारले, "घरात भाकरी केवढी होते?" त्यांनी दोन्ही पंजे फाकून आकार दाखवला. मग तिघांनी बसून ठरवले. त्या आकाराच्या दोन भाकऱ्यांऐवजी एकच, तिच्याबरोबर वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, पालेभाजी वाढवायची, आणि संध्याकाळच्या चहातली साखर बंद. "मग मीही तेच खाईन," वहिनी म्हणाल्या. मला हवे होते तेच त्या बोलल्या.

यंत्र कपाटातून बाहेर निघाले आहे. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी गुरुजी उपाशीपोटीचा आकडा आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरना मोबाईलवर कळवतात आणि सिस्टर त्यांना मराठीत दोन ओळी उलट लिहितात. गेल्या गुरुवारी आकडा होता १३८. सिस्टरनी लिहिले, "गुरुजी, पास झालात. पण पहिला वर्ग अजून लांब आहे." त्यावर गुरुजींचे उत्तर आले, "अभ्यास चालू आहे, बाई."

तीन महिन्यांचा रिपोर्ट अजून यायचा आहे. तो आला की या सदरात जरूर कळवीन, चांगला असो वा वाईट.